आबांसाठी छापलेली पाटी

माझे वडील, आबा, पारोळ्याच्या बाजार समितीत लिलाव पुकारायचे. पक्षाघाताने त्यांची वाचा गेली आणि उजवा हातही लुळा पडला. कळायचं सगळं, पण तोंडातून शब्द निघत नसे. पाणी हवंय की पंखा, हे ओळखता ओळखता आई रडकुंडीला यायची.

धुळ्यात माझा छापखाना आहे. एकदा एका गिऱ्हाइकाने लहान मुलांचं बोलणारं पुस्तक दाखवायला आणलं. चित्राला पेन टेकवलं की पेन बोलायचं. चित्रांवर अगदी बारीक ठिपके छापलेले होते. प्रत्येक जागी त्यांची मांडणी वेगळी. ती वाचून पेनाला आपण कुठे टेकलोय ते कळतं. मी त्याच दिवशी ठरवलं, आबांसाठी अशी पाटी करायची.

तसं पेन मागवलं, ठिपके बनवायचं सॉफ्टवेअरही मागवलं. पाणी, चहा, औषध, पंखा अशी चित्रं काढून घेतली आणि प्रत्येकाचं वाक्य माझ्या आवाजात पेनात भरलं. पहिली छपाई वाया गेली. साध्या कागदावर शाई पसरून ठिपके एकमेकांत मिसळले. गुळगुळीत कागद घेतला, तरी गडद चित्रांवर पेन मुकंच. पेन काळी शाई वाचत होतं आणि चित्रांतही तीच शाई होती. मग चित्रांतला काळा रंग पूर्ण काढला, गडद भाग निळा, गुलाबी, पिवळा या बाकीच्या तीन रंगांतून तयार केला आणि काळी शाई फक्त ठिपक्यांना ठेवली. पेन बोललं.

पाटी घेऊन पारोळ्याला गेलो. आबांनी डाव्या हाताने पेन टेकवलं. माझा आवाज आला, "मला पाणी हवे आहे."

आबांनी पेन खाली ठेवलं.

आई म्हणाली, "आपला घरमा असं कोन बोलस?"

खरंच होतं, घरी आम्ही सगळे अहिराणीच बोलतो. कागद तोच ठेवून पेनातले आवाज तेवढे बदलता येत होते. काकांचा आवाज आबांसारखाच भरदार. त्यांना बसवून सगळं अहिराणीत पुन्हा बोलून घेतलं. "माले चहा जोयजे," पेन म्हणालं, तसे आबा हसले आणि पुन्हा पुन्हा तिथेच टेकवत राहिले. शेवटी आई चहा ठेवायला उठली.

पुढच्या आठवड्यात ते पाटी काखेत मारून माझ्यासोबत बाजार समितीत आले. टपरीवर त्यांनी स्वतः चहा मागितला. टपरीवाल्याने विचारलं, "आबा, साखर कमी का नेहमीची?"

साखरेचं चित्रच नव्हतं. आबांनी पाटी माझ्यापुढे सरकवली आणि रिकाम्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"टाकतो," मी म्हणालो. धुळ्याला पोचल्या पोचल्या नवी पाटी जुळवायला घेतली.