बदामी गाडीची डावी सीट

आमच्या घरात गाडी मी चालवते आणि ती कशी चालवावी हे ह्यांना कळतं. ही कामाची वाटणी फार वर्षांपूर्वी झाली, आणि ती तशी होण्याला एक म्हैस कारणीभूत आहे.

तेव्हा आम्ही वाशीत नवीनच राहायला आलो होतो. मी शाळेत गणित शिकवायचे, हे बेलापूरला सरकारी कचेरीत. सानपाड्याच्या पुढे रस्ते आधी झाले होते, माणसं यायची बाकी होती. ते रुंद, सरळ, रिकामे रस्ते बघूनच ह्यांच्या मनात गाडी भरली. मग चार दारांची एक छोटीशी, बदामी रंगाची गाडी दारात आली. ह्यांना पांढरी हवी होती. मी म्हटलं, कचेरीतल्या सगळ्या गाड्या पांढऱ्या, घरची तरी वेगळी दिसू दे.

शेजारच्या काकू चाकाखाली ठेवायला लिंबं घेऊन धावत आल्या. माझ्या सासूबाई तेव्हा गावाहून आल्या होत्या. त्यांनी गाडीसमोर हात जोडून शांतपणे त्रिशरण म्हटलं, मग काकूंच्या हातातली लिंबं घेऊन एकेक दाबून बघितली. म्हणाल्या, "रसाची हायत गो. चाकाखाली कशाला? सरबत करूया." सगळ्या मजल्यानं सरबत प्यायलं. काकूही प्यायल्या, फक्त जरा चिंतेत प्यायल्या.

आम्ही दोघांनी एकाच मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवणारे मास्तर आम्हाला कोपरखैरणेच्या बाजूला न्यायचे. एका सकाळी हे चालवत होते, मास्तर शेजारी आणि मी मागे. बोनकोडे गावाच्या कडेला रस्त्याच्या मधोमध एक म्हैस उभी होती. ह्यांनी हॉर्न वाजवला. म्हशीनं वळून बघितलं आणि खाली बसली. ह्यांनी गाडी बंद केली.

"साहेब, बाजूनं घ्या," मास्तर म्हणाले.

"नको. उठेल ती. रस्ता तिचाही आहे."

बराच वेळ ती दोघं एकमेकांकडे बघत होती. दोघांपैकी म्हैस जास्त निवांत होती. शेवटी हे खाली उतरले, दार हळूच लावलं आणि बसस्टॉपच्या दिशेनं चालू लागले. मास्तर मागे वळून मला म्हणाले, "म्याडम, तुमी घेता का?" मी घेतली. म्हशीला वळसा घालून, ह्यांच्या शेजारून, हॉर्न वाजवत गेले. संध्याकाळी ह्यांनी घरी जाहीर केलं, "माझा स्वभाव गाडीचा नाही. तू चालव, मी रस्ता बघीन."

आणि त्यांनी तो बघितला. पुढची तीसेक वर्षं हे डाव्या सीटवर बसून रस्ता बघत आले. पुढे दूरवर एखादा ट्रक दिसला तरी ह्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जातो. ब्रेक माझ्याकडे आहे हे त्यांच्या डोक्याला माहीत आहे, पायाला अजून कोणी सांगितलेलं नाही. "गिअर बदल", "तो वळणार बघ", "घाई कोणाला आहे, आपल्याला नाही", अशी टीका चालूच असते. मी सुरुवातीला चिडायचे. नंतर नंतर ते गप्प असले की गाडीत काहीतरी बिघडलंय असं वाटायला लागलं.

त्या गाडीतून आम्ही काय काय नेलं! मुलीला प्रसूतिगृहातून घरी आणलं, पुढे तिलाच परीक्षेला, कॉलेजला आणि लग्नाच्या हॉलवर नेऊन सोडलं. दर मे महिन्यात गावी, मंडणगडकडे. चढावर इंजिन तापायचं. त्यावर एक उपाय होता. हीटर पूर्ण उघडायचा, म्हणजे इंजिनाची उष्णता आत येते आणि काटा उतरतो. मे महिन्यात, भर दुपारी, मंडणगडच्या घाटात, हीटर लावून आम्ही जायचो. परतताना सासूबाई मागे आंब्याच्या पेट्या मांडीवर घेऊन बसलेल्या. एकदा त्या घामानं निथळत म्हणाल्या, "सुनबाई, आडी लावायची गरज नाय. आंबं पनवेलपर्यंत पिकतील." आणि खरंच, पेणच्या पुढे गाडीत जो घमघमाट सुटला, तो पुढचा पावसाळाभर सीटांतून गेला नाही.

घाटात हे ओरडायचे, "अगं बघ, बघ, काय दरी आहे!"

"मी बघितलं तर आपण सगळेच तिथे जाऊ," मी म्हणायचे.

"बरं, नको बघू. मी सांगतो." आणि मग सांगायचे. खाली नदी आहे, पलीकडे पाच-सहा घरं, एका घरावर लाल कौलं, अंगणात बाई काहीतरी वाळत घालतेय. मी निम्मं कोकण ह्यांच्या तोंडून बघितलं आहे.

गाडी दुरुस्त करायला मी बोनकोड्यातल्या एका गॅरेजमध्ये न्यायचे. मालक तिथलेच, मूळ गावातले. त्यांच्या भातशेतीवर आता बिल्डिंगा आहेत, त्यातल्या दोन त्यांच्या स्वतःच्या. गॅरेज चालवायची काही गरज नाही, पण घरात बसलं की बायको भाजी निवडायला लावते म्हणून चालवतात. गाडी सुरू करण्याआधी ते तिच्या बॉनेटवर थाप मारतात. थाप मारल्यानं काय होतं विचारलं तर म्हणतात, "मना बरा वाटतं." एकदा डाव्या सीटखालचा पत्रा गंजून पातळ झाला. त्यांनी खाली वाकून बराच वेळ बघितलं, मग माझ्याकडे.

"टीचर, गारी ठनठनीत हाय. साहेबांचा पाय तेवरा आवरा."

मुलगी लग्न होऊन उलव्याला राहायला गेली, तिची स्वतःची मोठी गाडी आली. त्या गाडीत बटण दाबलं की सगळं होतं. तिचं आमच्या गाडीबद्दलचं मत एका वाक्याचं होतं, "आई, विक ना आता, टेन्शन येतं मला." मी म्हणायचे, बघू. नोंदणीची मुदत संपली की गाडी धुऊन, पुसून, लेकीला दाखवायला न्यावी तशी तपासणीला न्यायचे आणि वाढवून आणायचे. सोसायटीतल्या पार्किंगमध्ये दोन्ही बाजूंना उंच उंच गाड्या आणि मधे ही, मोठ्या माणसांच्या रांगेत घुसलेल्या पोरासारखी.

मग गेल्या वर्षी माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाले. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन, काही आठवड्यांनी दुसऱ्याचं. डॉक्टरांनी बजावलं, मी सांगेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. पहिली पट्टी निघाल्यावर मी खाली जाऊन गाडी बघितली आणि उभीच राहिले. मी जिला बदामी समजत होते तिचा रंग केव्हाच उडून ती पांढुरकी झाली होती.

"ही कधी झाली अशी?" मी ह्यांना विचारलं.

"झाली बरीच वर्षं. तू खूश होतीस, म्हणून बोललो नाही." ह्यांना पांढरीच हवी होती, हे मी विसरले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसत होतं त्याला मी समाधान म्हणेन.

गाडी उभी राहून बॅटरी उतरू नये म्हणून हे रोज सकाळी खाली जाऊन ती नुसती सुरू करायला लागले. मी वरून खिडकीतून काळा चष्मा लावून बघायचे. पुढे त्यांच्या सकाळच्या फेरीचा वेळ वाढला. चपला घालून फिरायला जाणारा माणूस बूट घालून जाऊ लागला. परत आल्यावर शर्टाची पाठ घामानं चिकटलेली. विचारलं की म्हणायचे, "जरा लांब गेलो होतो." एकदा झोपेत ह्यांचा डावा पाय चादरीखाली जोरात दाबला गेला. उजवा मी समजू शकले असते. डावा का, ते मला कळेना.

एका रविवारी सकाळी मी खिडकीशी आले तर आमच्या गाडीच्या मागच्या काचेवर लाल अक्षरात भलामोठा 'एल' चिकटवलेला. पार्किंगमधल्या कोणीतरी जुन्या गाडीची चेष्टा केली असं वाटून माझं डोकं तापलं. तशीच गाऊनवर ओढणी घेऊन खाली गेले आणि तो कागद नखानं उकरायला लागले.

"राहू दे," मागून आवाज आला. हे उभे होते. भांग पाडलेला, हातात किल्ली. "माझा आहे तो."

मी कागदावरचं नख काढून घेतलं.

"कच्चं लायसन्स मिळालंय. शेजारी पक्कं लायसन्सवालं माणूस लागतं. तू तयार हो. उलव्याला जाऊ."

"म्हणजे इतके दिवस तुम्ही..."

"क्लासला जात होतो. सगळी कॉलेजची पोरं. मला अंकल म्हणतात. त्यांच्यात मी सर्वांत सावकाश चालवतो असं मास्तर म्हणाले."

मी तयार होऊन डाव्या सीटवर जाऊन बसले. आपल्याच गाडीत आपण पाहुणे झाल्यासारखं वाटलं. क्लासची गाडी नवी, तिचं स्टिअरिंग एका बोटानं फिरणारं. आमचं दोन्ही हातांनी आणि खांद्यानं फिरवावं लागतं. ह्यांनी पहिल्यांदा वळवायला घेतलं आणि थांबून माझ्याकडे बघितलं.

"अडकलंय वाटतं."

"अडकलेलं नाही, असंच असतं. जोर लावा."

"तू रोज हे करायचीस?"

"रोज. बोलणी खात."

वाशीतून बाहेर पडेपर्यंत गाडी तीनदा बंद पडली. तिसरा गिअर टाकताना क्षणभर मधे थांबावं लागतं, मग तो आपणहून जातो, हॉर्न स्टिअरिंग थोडं डावीकडे वळवल्यावरच वाजतो, मी एकेक सांगत होते आणि हे कुरकुरत होते, "हे काही क्लासला शिकवलं नाही." नेरूळपाशी एक टेम्पो आडवा आला. माझा पाय धाडकन खाली आपटला.

"तिथे जपून," हे समोर बघत म्हणाले. "पत्रा नाजूक आहे."

मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं, आणि डॉक्टरांनी डोळ्यांना हात लावू नका सांगितलेलं, म्हणून ते तसंच गालांवर वाहू दिलं.

बेलापूर मागे पडलं आणि खाडीवरचा पूल आला. ह्यांची स्टिअरिंगवरची पकड घट्ट झाली. मला करायला काही नव्हतं म्हणून मी खिडकीबाहेर बघितलं. त्या पुलावरून मी मुलीकडे कितीतरी वेळा गेले होते, पण मला माहीत होता तो फक्त पुढच्या गाडीचा मागचा दिवा. खाडी इतकी रुंद आहे? ओहोटी होती. चिखल चांदीसारखा चमकत होता, कांदळवनाची हिरवी कड, पाण्यात एका पायावर उभे पक्षी, आणि पलीकडून एक विमान एवढं खाली उतरत होतं की त्याची चाकं दिसली. नव्या डोळ्यांनी सगळं धुऊन काढल्यासारखं दिसत होतं.

"दिसतंय का?" ह्यांनी विचारलं. मान जराही वळवली नाही.

"दिसतंय."

"मग सांग की. मला बघता येत नाही."

मी सांगितलं. पक्षी, चिखल, विमान, सगळं. विमानाचा रंग मी बहुधा चुकीचा सांगितला. या वयात गाडी का शिकलात असं नंतर विचारलं, तेव्हा हे म्हणाले की हेच कारण होतं. ऑपरेशनच्या आधी मी कधीतरी म्हटलं होतं, आता दिसायला लागलं तरी मला काय, समोरचा रस्ताच दिसणार. मी ते बोललेलं मला आठवतही नव्हतं.

उलव्याला मुलगी गॅलरीत उभी होती. गाडी फाटकातून आत आली, पप्पा उजवीकडून उतरले आणि आई डावीकडून, हे बघून तिनं वरूनच ओरडून विचारलं, "आई, तुला बरं नाही का?" गाडी दोन पार्किंगच्या बरोबर मधोमध लावलेली होती. जावयानं ती नंतर गुपचूप सरळ केली, आणि हॉर्न वाजत नाही म्हणून घाबरून वर आला.

पक्क्या लायसन्सच्या परीक्षेत हे पहिल्यांदा नापास झाले, रिव्हर्समध्ये. गणिताच्या बाईच्या घरात नापास होणं काय असतं ते त्यांना त्या दिवशी कळलं असेल, कारण मी त्यांना रोज संध्याकाळी सोसायटीच्या मागच्या बाजूला दोन विटा ठेवून रिव्हर्स करायला लावला. विटा फुटल्या, पण दुसऱ्या खेपेला हे पास झाले.

आता डॉक्टरांनी मलाही परवानगी दिली आहे आणि किल्लीवरून भांडणं होतात. आयुष्यभर मला "घाई कोणाला आहे" ऐकवणारा हा सभ्य माणूस परवा सिग्नलला काच खाली करून पुढच्या जीपवाल्याला म्हणाला, "अरे ए, इंडिकेटर कोण देणार, तुझा काका?" मी तोंड दुसरीकडे फिरवलं.

गेल्या आठवड्यात हे पहिल्यांदा एकटे गेले. वाशीच्या घाऊक बाजारात, मला न सांगता, पहाटेच. जन्मभर पिशवी घेऊन बसनं जाणारा माणूस, त्याला डिकी म्हणजे काय हे तिथे उमगलं असावं. दारावरची बेल वाजली तेव्हा लिफ्टमध्ये कलिंगडं होती, जिन्यात कलिंगडं होती आणि हे मधे उभे होते, धापा टाकत, खूश.

"अहो, दोन माणसं आपण. हे सगळं खाणार कोण?"

"ते नंतर बघू. पण किती मावली बघ! मागच्या सीटवर अजून आहेत."

मी सुरी घेतली आणि शेजारच्या दारांवर टकटक करायला निघाले.