भूमध्य समुद्रावरची चूल

आचाऱ्याचा हेवा करणारी वकिलीणबाई कुणी पाहिली नसेल. मी केला, आणि अगदी मनापासून केला. कळव्याची खाडी होडीतून ओलांडताना ज्यांना घेरी यायची, ते आचारी माल्टा, सिसिली, क्रीट सगळं हिंडून आले, आणि मी टेंभी नाक्याजवळच्या आमच्या घरात त्यांच्या शिदोरीसाठी मेतकुटाच्या डाळी भाजत राहिले. आता केस पिकले, दात पडले, तरी ते आठवलं की पोटात दुखतंच.

माझे यजमान ठाण्याच्या कोर्टात वकील होते. त्यांचे एक जिवलग स्नेही कल्याणला राहत. घरची मोठी भातशेती, मागे कसली विवंचना नाही. दर रविवारी ते आगगाडीने आमच्याकडे येत आणि दोघं इंग्रजी पुस्तकं उघडून पडवीत बसत. अशाच एका रविवारी त्यांच्या वाचनात आलं की साहेब लोक लहानशी बोट भाड्याने घेऊन भूमध्य समुद्रातल्या बेटांवरून हिंडतात, जुनी देवळं, जुने किल्ले, नाटकं करायच्या दगडी जागा असं सगळं सावकाश बघतात आणि परत येतात. दोघांच्या डोक्यात ते असं शिरलं की दुसरं काही सुचेना. विलायतेला जाऊन बॅरिस्टर होणारे तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील, त्यांनाही परत आल्यावर जातीत घ्यायचं की नाही यावर वाद व्हायचे. हे दोघं तर बॅरिस्टरही होणार नव्हते. नुसतं बघायला चालले होते. गावात हसं झालं, पण त्यांनी मनावर घेतलं नाही.

ओळखीच्या शास्त्रीबुवांना विचारलं. त्यांनी बराच वेळ सुपारी कातरली आणि सांगितलं की समुद्र ओलांडल्यावर प्रायश्चित्त चुकत नाही, पण अन्नपाणी आपलं असेल, आपल्या माणसाच्या हातचं असेल, तर परत आल्यावर मी काहीतरी सोय बघतो. म्हणजे सगळं घोडं येऊन अडलं ते स्वयंपाकघरात. मुंबईहून मिसरपर्यंत मोठ्या आगबोटीत सातूचं पीठ आणि दडपे पोहे खाऊन निभावता आलं असतं. पण पुढे बेटाबेटांवरून महिनोन्‌महिने हिंडायचं तर रोज ताजा भात लागणार, आणि मोठ्या आगबोटीवर सगळ्यांचा मिळून एकच भटारखाना.

मी पानाचं तबक घेऊन दाराशी उभी होते. मी आतूनच म्हटलं, “मोठी बोट हवीच कशाला? लहान घ्यावी. सगळी आपलीच, म्हणजे चूल आपली.”

कल्याणच्या भावजींना ते इतकं पटलं की ते उठून उभे राहिले. त्या दिवसापासून या बेतात माझं मत घेतलं जाऊ लागलं. आता ते घेण्याची रीत अशी होती की भावजींनी यजमानांना विचारायचं, यजमानांनी दाराकडे तोंड करून मला विचारायचं, मी यजमानांना सांगायचं आणि त्यांनी ते भावजींना सांगायचं. मी हातभर अंतरावर उभी असे. भावजींना माझा शब्दन्‌शब्द ऐकू येत असे, तरी ते मान यजमानांकडेच वळवून उत्तराची वाट बघत.

मला यजमानांनीच वाचायला शिकवलं होतं. नकाशांचं पुस्तक घरात होतं, ते दुपारी मी ताब्यात घेतलं. सारवलेल्या पडवीत रांगोळीने एकेक बेट काढत मी ती पाठ केली. सिसिली तिकोनी, क्रीट काकडीसारखं आडवं, सायप्रसला एका बाजूला शेपूट, माल्टा तर रांगोळीची नुसती चिमूट. कुठून निघून कुठे जायचं याची वाट मी बोटाने ओढायची आणि संध्याकाळी कोर्टातून आलेली स्वारी वाकून ती तपासायची. यजमानांना स्वतःचं उपरणं खुंटीवर सापडत नसे, पण रोड्सवरून क्रीटला कसं जायचं यावर ते माझ्याशी हिरिरीने वाद घालत. तो काळ माझ्या संसारातला सगळ्यात सुखाचा होता.

आणि सगळ्यात वाईटही तोच. कारण मला त्या बोटीवर जायचं होतं. हे मी कुणाजवळ बोलले नव्हते. बायकांनी असं बोलायची तेव्हा सोय नव्हती. ग्रीक लोकांची मोडकी देवळं बघायला हे दोघं पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला निघाले होते, आणि कल्याणच्या पुढे हाकेवर असलेलं अंबरनाथचं देऊळ मला लग्न झाल्यापासून कुणी दाखवलं नव्हतं. मला भावजींचा हेवा वाटे, यजमानांचा वाटे. आमच्याकडे भाजी घेऊन येणारी एक किरिस्ताव बाई होती, तिचासुद्धा वाटे. तिचा भाऊ आगबोटीवर बटलर होता. त्याने माल्ट्याहून आणलेली लेस तिने एकदा मला दाखवली. पांढरी, बोटभर रुंद, कोळ्याच्या जाळ्यासारखी नाजूक. ती लेस वांग्यांच्या टोपलीत ठेवून ती खुशाल गावभर हिंडत होती. त्या घरात समुद्र ओलांडला म्हणून कुणाला शेण खावं लागत नव्हतं. मी त्या दिवशी तिच्याशी वांग्यांवरून उगीच भांडले.

भावजींच्या ओळखीचे एक पारशी गृहस्थ मिसरशी व्यापार करीत. त्यांच्या माणसाने अलेक्झांड्रियाला एक लहानशी आगबोट ठरवली आणि कळवलं की मागच्या बाजूला डेकवर फळ्यांची खोली करून मिळेल, ती कशी हवी ते सांगा. मग मी ती बोट पडवीत रांगोळीने काढली, आणि रोज सारवल्यावर पुन्हा तशीच काढू लागले. पुढे खलाशांची जागा, मध्ये निजायच्या दोन कोठड्या, मागे स्वयंपाकाची खोली. खलाशांनी चुलीवरून ये-जा करायची नाही, म्हणून मध्ये आडवी फळी. पाण्याचे हंडे एका अंगाला, लाकडं दुसऱ्या अंगाला. जितकी आटोपशीर तितकी बरी, म्हणून मी एकही कोपरा मोकळा सोडला नाही. भावजींनी ती आकृती कागदावर उतरवून घेतली आणि यजमानांकडे बघून माझं कौतुक केलं.

खिडकीवरून मात्र जुंपली. पारशी गृहस्थांचा निरोप आला की बोटीला धुरासाठी वर गोल भोक असतं, तेवढं पुरे. मी म्हटलं, पुरे कसं? साहेबांचा आचारी उभ्याने रांधतो, आपला पाटावर बसून. नुसतं वर भोक असलं तर समुद्रावरचा वारा धूर खाली दाबील आणि तो सगळा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत जाईल. खिडकी खाली हवी, चांगली चौकोनी हवी. किती खाली, असं विचारणं आलं. मी आमच्या चुलीपाशी पाटावर बसले, समोर बघितलं आणि नजर जिथे पडली तिथे भिंतीवर कोळशाने रेघ ओढली. यजमानांनी जमिनीपासून रेघेपर्यंत दोरी धरून गाठ मारली. ती दोरी अलेक्झांड्रियाला गेली.

धुराचं मी सांगितलं ते खोटं नव्हतं. पण मी काय करत होते ते मला नीट कळत होतं.

मग आचारी ठरले. भावजींच्याच घरचे, कोकणातले, हाताला चव असलेले पण भित्रे. बातमी कळताच ते भावजींबरोबर आमच्या पडवीत येऊन बसले आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसू लागले. समुद्रात पडलो तर क्रियाकर्म कोण करील, असं त्यांनी तीन-तीनदा विचारलं. मी आतून ऐकत होते आणि अंगाचा तिळपापड होत होता. ज्याला जायचं नाही त्याला ओढून न्यायचं, आणि जिने बोट बांधली तिला कुणी विचारायचंही नाही. भावजी आणि आचारी गाडी गाठायला बाहेर पडले तशी मी पडवीत आले. सासूबाई कोपऱ्यात वाल सोलत होत्या. यजमान नकाशावर वाकले होते.

“आचारी कशाला हवेत?” मी म्हटलं. “स्वयंपाक मी करीन.”

यजमानांनी वर बघितलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मला वाटतं, क्षणभर त्यांना ते आवडलं होतं. त्यांनी रांगोळीच्या बोटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी श्वास धरून उभी होते.

सासूबाईंनी वालावरची नजर काढली नाही. त्या म्हणाल्या, “आणि महिन्याचे चार दिवस बाहेर कुठे बसशील गं?”

त्यांनी ते खोचक म्हणून विचारलं नव्हतं. पापड किती न्यायचे हे विचारावं तसं विचारलं. मी रांगोळीकडे बघितलं. चूल, हंडे, लाकडं, फळी, दोन कोठड्या. वेगळं बसायला कुठेही वीतभर जागा नव्हती. बोट लहान हवी हे मीच सांगितलं होतं, आणि मोकळा कोपरा म्हणून मीच ठेवला नव्हता.

“तेवढे दिवस आचारी करतील,” मी म्हटलं.

“मग आचारी न्यायलाच हवेत,” यजमान म्हणाले. “आणि आचारी असले तर तू कशाला?”

वकिलाच्या बायकोने वाद घालू नये हेच खरं. मी आणखी एक खोली काढायला सांगावं म्हणून तोंड उघडलं, पण फळ्या तोवर कापून झाल्या होत्या, तसा निरोपही आला होता. सासूबाईंनी सोललेले वाल सुपात गोळा केले आणि त्या आत गेल्या. मी पाण्याने पडवी पुसून काढली.

पुढचा महिना मी मुकाट्याने काम केलं. सांडगे घातले, कुळथाचं पीठ दळलं, कोकमं उन्हात घातली, मेतकूट केलं. तुपाच्या बरण्यांची तोंडं फडक्याने बांधली. आचारी येऊन प्रत्येक बरणी उघडून वास घेत आणि उसासा सोडत. त्यांना मळमळीवर आवळासुपारी हवी होती. तीही मीच करून दिली, मीठ जरा जास्त पडलं. मुंबईला बोटीवर पोचवायला घरातले पुरुष गेले. बायकांनी दारातूनच हातावर दही घातलं.

ते गेल्यावर मी नकाशांचं पुस्तक उघडलं नाही. कोर्टातल्या एका कारकुनाची बायको रोज येऊन विचारी, आता कुठवर गेले असतील? मला अगदी नीट सांगता आलं असतं. मी म्हणे, आम्हां बायकांना काय कळतंय.

स्वारी परत आली ती काळवंडून, पण तजेलदार होऊन. प्रायश्चित्त झालं, क्षौर झालं, पंचगव्य घेऊन झालं. शास्त्रीबुवा शब्दाला जागले. मग रोज संध्याकाळी पडवी माणसांनी भरू लागली आणि यजमान देवळांचे खांब हातांनी दाखवू लागले. मला त्यांनी सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांहून जास्त सांगितलं, ते नाकारत नाही. क्रीटहून निघताना कप्तान वाट चुकत होता तेव्हा मला तुझी रांगोळी आठवली, असंही म्हणाले. माझ्यासाठी त्यांनी माल्ट्याची लेस आणली होती, भाजीवालीच्या लेसहून दुप्पट रुंद. मी ती डोळ्यांना लावली आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिली. ती कुठल्या चोळीला कधी लागली नाही.

प्रायश्चित्तानंतर ब्राह्मणभोजन घातलं त्या दिवशी कल्याणहून आचारी रांधायला आले. मागच्या अंगणात कढई चढली होती, ते वडे तळत होते. मी पीठ घेऊन गेले आणि राहवेना म्हणून विचारलं की तुम्ही काय काय पाहिलंत.

“मी कसला उतरतोय, वहिनी,” ते म्हणाले. “दोघं रोज उतरायचे. मी गेलो तर चूल कोण राखणार? खलाशी शिवला असता तर सगळंच बाटलं असतं. एकाही बेटावर पाय ठेवला नाही मी.”

खरं सांगते, मला बरं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचा भार हलका झाला. मी पाट ओढून जरा टेकले.

“एक डोंगर मात्र दिसला,” कढईतले वडे उलटत ते पुढे बोलू लागले. “सिसिली का काय म्हणतात तिथला. बोट त्याच्या समोर उभी होती. मी पाटावर बसलेलो, समोर खिडकी, आणि खिडकीत अख्खा डोंगर. टोकावर बर्फ आणि बर्फातून धूर. मला आधी वाटलं, वर कुणी चूल पेटवलीय. भात होईस्तोवर नुसता समोर होता.”

त्यांनी झारा निथळवला.

“पण ती खिडकी इतकी खाली कुणी करायला सांगितली होती कोण जाणे. बसल्या जागी सगळा समुद्र डोळ्यांपुढे हलायचा. पोटात ढवळून यायचं. शेवटी दुसऱ्या दिवशी मी तिच्यावर तांदळाचं पोतं ठोकून टाकलं. घरी येईपर्यंत काढलंच नाही.”

शेवटची पंगत आचाऱ्यांची आणि वाढप्यांची बसली. तूप वाढायला मी घेतलं होतं. सगळ्यांच्या भातावर मी हात सैल सोडून तूप वाढलं. आचाऱ्यांनी भाताला खळगा करून ठेवला होता. त्यांच्या पानाशी आले तेव्हा तुपाचं भांडं तसंच हातात धरून मी पुढच्या पानावर गेले.