अंपायरशी हुज्जत घालायची नाही

आमच्या मॅनेजरला गप्प बसणं माहीतच नव्हतं. एरवी माणूस साधा, कौन्सिलमध्ये नोकरी करणारा, रस्त्यात दुसऱ्याचा धक्का लागला तरी स्वतःच सॉरी म्हणणारा इंग्रज. पण रविवारी मेडनहेडच्या आमच्या मैदानावर बेसबॉलची मॅच सुरू झाली की त्याच्या अंगात यायचं. बेसबॉलमध्ये बॉल बॅटरसमोर जमिनीत बसवलेल्या प्लेटवरून, त्याच्या गुडघ्याच्या वर आणि छातीच्या खाली गेला तर तो स्ट्राइक, नाहीतर नुसता ‘बॉल’. ते ठरवायचं अंपायरने. आणि अंपायरने काहीही ठरवलं तरी आमचा मॅनेजर बाकावरून उठून, तो बॉल गेला कुठून आणि अंपायर बघत होता कुठे, याची चौकशी करत यायचा.

अंपायर म्हणजे काका. नात्यातले नव्हेत, पण या गावात साठीच्या पुढचा मराठी माणूस दिसला की माझ्या तोंडून दुसरं काही निघत नाही. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली, तिथल्या एका अमेरिकन साहेबाच्या नादाने हा खेळ लागला, आणि रिटायर झाल्यावर मुलाजवळ राहायला आले ते मास्क आणि छातीचं पॅड घेऊनच. मी संघाची कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून बॉल झेलणारी. नागपूरला शाळेत सॉफ्टबॉल खेळले होते. इथे नोकरीसाठी आल्यावर रविवार खायला उठायचा, म्हणून या क्लबात शिरले. कॅचर उकिडवी बसते आणि अंपायर तिच्या खांद्यावरून वाकून बघतो, त्यामुळे काकांचा श्वाससुद्धा मला ऐकू यायचा.

काकू जाळीमागे फोल्डिंगच्या खुर्चीत, मांडीवर ब्लँकेट घेऊन. त्यांना या खेळातलं किती कळत होतं देव जाणे, पण निकाल त्याही द्यायच्या. "अहो, बाहेर होता तो. डोळे कुठे ठेवलेत?" मराठीत असल्यामुळे ते फक्त आम्हा दोघांना कळायचं. एकीकडून मॅनेजर, मागून काकू. काका दोघांनाही दाद द्यायचे नाहीत. मॅनेजरला तर वाक्यही पुरं करू द्यायचे नाहीत. मास्कच्या आतून एक हुंकार आणि बाकाकडे बोट. मला एकदा म्हणाले, घरीही हेच चालतं, मिठापासून हीटिंगपर्यंत, त्यामुळे इथे वेगळं काही वाटत नाही. सांगताना अगदी खुशीत होते.

काकू हिवाळ्यात गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि हॉस्पिटलातून घरी आल्याच नाहीत. सीझनला काका येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं, पण पहिल्याच मॅचला ते आले, कपडे इस्त्रीचे, दाढी गुळगुळीत. ते पॅड चढवत होते तेवढ्यात मॅनेजरने आम्हाला त्याच्या गाडीमागे गोळा केलं आणि बजावलं, की या वर्षी त्यांच्याशी कुणीही हुज्जत घालायची नाही, काहीही दिलं तरी. बोलताना त्याचे डोळे भरले होते. पुढे पुढे तो समोरच्या संघांनाही मॅचआधी हळूच सांगून यायचा. त्याने ते मनापासून केलं, यात मला कधीच शंका नव्हती.

मग मैदानावर शांतता. चांगला वीतभर बाहेरून गेलेला बॉल तिसरा स्ट्राइक दिला तरी बॅटर मुकाट्याने परत जायचा. ओठ दाबून, मान झुकवून, मयताला आल्यासारखी सगळी वागायची. मला ते बघवत नव्हतं. मे महिन्यात काकांनी मला विचारलं, हल्ली माझं काहीच चुकत नाही का. छान चाललंय, म्हटलं. ते ‘बरं’ म्हणाले आणि मास्क खाली ओढला.

जूनमधल्या एका मॅचला दोन्ही संघ बरोबरीत होते. तिन्ही बेसवर, म्हणजे धावण्याच्या तिन्ही टप्प्यांवर, समोरच्या संघाची माणसं. आता तिसरा स्ट्राइक पडला तर बॅटर आऊट, आणि चौथा ‘बॉल’ पडला तर त्याला फुकटात पहिला बेस, बाकीचे एकेक पुढे सरकणार आणि त्यांना फुकटात रन. आमच्या पिचरने टाकला तो सरळ मधोमध. माझा ग्लोव्ह होता तिथून हललासुद्धा नाही. बॅटर आऊट झालो समजून वळला.

काका स्वच्छ आवाजात म्हणाले, "बॉल."

मी बाकाकडे पाहिलं. मॅनेजर अर्धा उठला होता. त्याने टोपी काढली, परत घातली आणि खाली बसून टाळ्या वाजवायला लागला, काही हरकत नाही, पुढचा बघू म्हणत. मग सगळा बाकच टाळ्या वाजवायला लागला.

काका ब्रशने प्लेट झाडायला पुढे आले. प्लेट झाडताना अंपायर मैदानाकडे पाठ करतो, त्यामुळे त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आला. प्लेट स्वच्छच होती.

"मधोमध होता ना?"

"हो, काका."

"मुद्दाम दिला. बघायचं होतं." ब्रश फिरतच होता. "ती गेली. मला तुम्ही कशाला गेल्यात जमा धरलंत?"

इनिंग संपल्यावर मी ते मॅनेजरला इंग्रजीत सांगितलं. धड सांगता आलं नाही, पण त्याला कळलं.

शेवटच्या इनिंगला एक बॉल हातभर बाहेरून गेला. काकांनी ‘बॉल’ दिला, बरोबरच दिला, आणि मॅनेजर ओरडत निघाला. हातवारे तेच, शब्द तेच. पण राग आणणार कुठून? रडवेला झाला होता बिचारा. आमच्या पोरांनी माना खाली घातल्या. काकांनी मास्क काढला, त्याला शेवटपर्यंत बोलू दिलं, आणि तो थांबल्यावर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "थँक यू."

माझ्या कॅचरच्या मास्कच्या आत मला रडू फुटलं. काकांनी मॅच नीट संपवली, सगळ्यांशी हात मिळवले. मग पॅड आणि मास्क स्वतःच्या गाडीकडे न नेता आमच्या क्लबच्या बॅगेत ठेवले, चेन लावली, आणि पुढच्या रविवारपासून दुसरा अंपायर बघा म्हणत बॅग मॅनेजरच्या हातात दिली. त्याने ती घेतली.