पोट आत ओढणाऱ्या मोठ्या बाई

माझी मावशी बायकांचे कपडे शिवते आणि मी तिच्याकडे काज-बटण करते. नावाला काज-बटण, खरं तर तिचे विनोद ऐकणं हेच माझं काम. आणि विनोद तरी कसले, पंचवीस वर्षं तेच ते!

पण त्यात तिची युक्ती आहे. कमरेला टेप लावली की भलीभली बाई श्वास रोखून पोट आत ओढते. त्या मापाचा कपडा पहिल्याच जेवणाला उसवतो आणि नाव खराब होतं शिवणारीचं. म्हणून मावशी विनोद सोडते, बाई हसते, पोट सुटतं, की मावशीने टेप आवळलीच. आकडा मी लिहून घेते.

हसल्या नाहीत त्या एकट्या समोरच्या शाळेच्या मोठ्या बाई. त्यांचा झगा दोनदा शिवला, दोनदा कमरेत टरकला. त्यांनी ठणकावलं, की आता शेवटचं माप. चुकलं तर मुलांचे गणवेश कोपऱ्यावरच्या दुकानाला देईन. त्या गणवेशांवर आमचं अख्खं वर्ष निघायचं. 

सोमवारी बाई येऊन ताठ उभ्या राहिल्या. मावशी एक पडदा शिवत होती. तिने बसल्या जागेवरूनच एक विनोद सांगितला. बाई ढिम्म. दुसऱ्याला त्यांनी घड्याळ पाहिलं. तिसरा इतका भिकार होता की मलाच कानकोंडं झालं. आणि एवढं होऊनही हिची मशीन आपली खडखड चालूच. मला असा राग आला म्हणता!

मग मावशी टेप घेऊन तरातरा उठली आणि धाडकन आपटली. तिच्या गाऊनची कड पडद्यालाच शिवली गेली होती. पडदा, स्टूल, माझा बटणांचा डबा, सगळं तिच्या अंगावर. मोठ्या बाईंनी आधी ओठ दाबले, मग फुसकन हसू फुटलं, मग भिंतीला टेकून त्या खो खो हसायला लागल्या. डोळे पुसायला त्यांनी हात वर केले तोवर मावशीने रांगत जाऊन त्यांच्या कमरेला टेप गुंडाळली.

“अडतीस,” ती म्हणाली. “लिही.”

झगा झकास बसला, गणवेशही आमच्याकडेच आले. पण त्या दिवशी पडद्यातून गाऊन सोडवायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. उसवता उसवता जीव मेटाकुटीला आला. चुकून लागलेली शिवण एका ओढीत सुटते. ही दुहेरी होती आणि दोन्ही टोकांना पक्क्या गाठी मारलेल्या होत्या.