डब्याचा खालचा कप्पा

सांगलीच्या कॉलेजात मी जी काही वर्षं काढली, त्यांत एकच काम नेमानं केलं. रोज दुपारी रिकामा डबा एस.टी.त बसवून दिला. तासांना दांड्या मारल्या, परीक्षेला धापा टाकत पोचलो, पण डब्याची गाडी कधी चुकवली नाही. (चुकवली असती तर दुसऱ्या दिवशी उपाशी राहिलो असतो, पण ते कारण इथं गौण मानावं.)

कोल्हापूरला तेव्हा नवंनवं विद्यापीठ झालं होतं आणि गावोगावची पोरं धोतर सोडून पायजमे घालून पदवी घ्यायला निघाली होती. विद्यापीठ कोल्हापुरात, कॉलेज सांगलीत, खोली विश्रामबागेत आणि चूल आष्ट्याजवळच्या आमच्या गावात, अशी माझ्या उच्च शिक्षणाची एकूण मांडणी होती. सकाळच्या गाडीनं आईचा डबा यायचा. स्टँडवर कंडक्टरच्या भोवती आम्ही पोरं गोळा व्हायचो आणि फडक्याच्या गाठीवरून ज्याचा त्यानं आपापला डबा ओळखायचा. आमचा डबा पितळेचा, दोन कप्प्यांचा. वरच्यात कालवण, खालच्यात भाकरी.

भाकरी दोघांना पुरेल एवढी असायची, कारण खोलीत माझ्याबरोबर गजा होता. गजा खंडाळ्याकडचा. त्याचं गाव इतकं लांब की त्याच्या आईचा डबा सांगलीत पोचेपर्यंत त्याला बुरशी आली असती. त्यामुळं माझ्या आईनं त्याला न बघताच पोटाशी धरलं होतं. गजा सायन्सला, मी आर्ट्सला. खरं म्हणजे मीही सायन्सलाच गेलो होतो. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी डॉक्टर व्हायला हवा होतो. पण पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांनी माझ्यापुढं बेडूक ठेवला, बेडकानं माझ्याकडं बघितलं, आणि मी इतिहास घेतला.

आता आईचा एक नियम सांगतो, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. आलेलं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही. शेजारणीची वाटी असो की लेकाचा डबा, परत जाताना त्यात काहीतरी असलंच पाहिजे. चिमूटभर साखर, एखादा पेरू, चार बोरं, काहीही. एकदा खोलीत खायचं काहीच नव्हतं म्हणून मी वर्गातला खडू टाकून दिला, तर आईनं त्यानं तुळशीपुढं रांगोळी घातली आणि पोरगा घरची आठवण ठेवतो म्हणून गल्लीभर सांगत सुटली.

त्या वर्षी थंडीच्या दिवसांत एका सकाळी कंडक्टरनं डब्याबरोबर निरोपही दिला. अक्काला बघायला संध्याकाळी पाहुणे येणार होते. परतीच्या डब्यातून सांगलीचे पेढे धाड, असं आईनं सांगितलं होतं.

अक्का माझी थोरली बहीण. दिसायला चांगली, कामाला वाघीण, पण तोंडानं मोकळी. आधीची स्थळं एवढ्याचसाठी परत गेली होती. एका पाहुण्यानं दाखवण्याच्या कार्यक्रमात आपल्या बैलाची किंमत सांगितली, तेव्हा अक्का मान खाली घालूनच म्हणाली होती की तुम्हाला फसवलंय. तिचं म्हणणं खरं होतं, पण स्थळ गेलं. आई रात्रंदिवस तिची काळजी करायची. दादा नुसते बांधावर जाऊन बसायचे. आणि हे नवं स्थळ नामी होतं. मुलगा पलटणीत नाईक, सुट्टी संपवून परवा परत निघालेला. आईबाप नव्हते, आत्यानं वाढवलेला. आत्याला पटलं तर तिथल्या तिथं सुपारी फुटणार होती, नाही पटलं तर पुढच्या सुट्टीपर्यंत कोण कुठं आणि कोण कुठं.

दोघांनी जेवून डबा रिकामा केला आणि मी तडक पेठेत जाऊन पेढे आणले. खोलीवर येऊन डबा खाली घेतला, वरच्या कप्प्यात पेढे नीट रचले. खालचा कप्पा आधीच बंद होता. उचलून बघितला तर जड लागला. मला गजाचं फार कौतुक वाटलं. इतके दिवस माझ्या आईच्या भाकऱ्या रिचवल्या, पण रिकाम्या डब्यात चिमूटभर साखर घालायचं त्याला कधी सुचलं नव्हतं. आज मी न सांगता त्यानं काहीतरी घातलं होतं! पेरू असेल, नाहीतर रताळं. माणसाच्या चांगुलपणावर संशय घेऊन झाकण उघडून बघणं मला बरं वाटेना. कडी लावली, फडक्यात गाठ मारली आणि डबा गाडीत बसवून आलो.

गजा कॉलेजातून आला आणि कपाटाखाली, खाटेखाली, माझ्या गादीखाली काहीतरी शोधायला लागला. मग त्यानं डबा कुठाय म्हणून विचारलं. गेला, म्हणालो. तो मटकन खाटेवर बसला. दुसऱ्या दिवशी त्याचं प्रॅक्टिकल होतं. बेडूक फाडायचा सराव व्हावा म्हणून तो पहाटे कृष्णेच्या काठानं चिखल उकरत हिंडला होता. थंडीत बेडूक सापडणं किती कठीण असतं ते त्यानं मला सविस्तर सांगितलं. सापडलेला बेडूक थंडीनं अगदी दगड झाला होता. जेवण झाल्यावर कॉलेजात जाताना तो त्यानं ओल्या गवतात गुंडाळून सुरक्षित जागी ठेवला होता. ती सुरक्षित जागा आता आष्ट्याच्या वाटेवर होती.

आम्ही स्टँडकडं पळत सुटलो. पुढच्या गाडीला वेळ होता. शेवटी कारखान्यावर ऊस टाकून रिकामा परत चाललेला एक ट्रक मिळाला. मागं उरलेल्या उसाच्या पाचटात उभे राहून आम्ही दोघं सबंध रस्ताभर भांडलो. मी म्हणत होतो, माझ्या बहिणीचं आयुष्य तू मोडलंस. गजाचं म्हणणं असं की पाहुणे काय, पुढच्या वर्षीही येतील, पण एवढ्या थंडीत दुसरा बेडूक कुठनं आणायचा?

फाट्यावर उतरून उसातून आडवाटेनं धावत आलो. दिवे लागायची वेळ झाली होती. घराच्या पुढच्या सोप्यात पाहुणे बसलेले दिसले. नाईक बाजल्यावर, कडक इस्त्रीचा पोशाख, मिशीला पीळ, ताठ बसलेला. शेजारी घोंगडीवर त्याची आत्या. काटक बाई, कपाळावर आडवं गोंदण, नजर अशी की म्हशीनंसुद्धा दूध चोरू नये. समोर दादा फेटा सावरत बसलेले. अशा बैठकीत दारातून बेडूक बेडूक म्हणून ओरडता येत नाही, म्हणून आम्ही मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरलो.

आई मला बघून हरखून गेली. आधी गजाच्या तोंडावरून हात फिरवला, किती वाळलाय म्हणाली. (तो अर्ध्या भाकऱ्या माझ्याही खात होता.) मग तिनं हळू आवाजात सगळं सांगितलं. अक्का बाहेर जाऊन आली होती. नाव सांगितलं, मान वर केली नाही, एक शब्द जास्तीचा बोलली नाही. पेढे सगळ्यांना आवडले. मी हळूच खालच्या कप्प्याचं विचारलं.

"त्यो व्हय," आई म्हणाली, "ह्या गारठ्यात पेढं कडक व्हत्यात, म्हनून चुलीपाशी ऊब द्यायला ठिवला हुता. आत्ताच घिऊन गेली अक्का पाव्हण्यांस्नी दुसऱ्यांदा वाढाय."

म्हणजे थंडीनं दगड झालेल्या बेडकाला माझ्या आईनं शेक देऊन जागं केलं होतं.

मी सोप्यात झेप घेतली. अक्का आत्यापुढं वाकलेली, एका हातात कप्पा, दुसरा हात झाकणावर. "अक्का, उघडू नगंस!" मी ओरडलो. माझ्या आवाजानं ती दचकली आणि झाकण निघालं. मी गप्प बसलो असतो तर कदाचित तिनं ते सावकाश उघडलं असतं, पण शिकलेल्या माणसाला वेळेवर गप्प बसणं जमत नाही.

बेडूक ताजातवाना झालेला. त्यानं पहिली उडी मारली ती नाईकांच्या इस्त्रीच्या गुडघ्यावर. नाईक बाजल्यावर उभे राहिले. दुसरी उडी माझ्या दिशेनं आली. पुढचं मला नीट आठवत नाही, पण पुन्हा भान आलं तेव्हा मीही बाजल्यावर होतो आणि माझे दोन्ही हात नाईकांच्या कमरेला होते. आधी कोण चढलं यावर आमच्यात आजतागायत एकमत झालेलं नाही.

अक्कानं कप्पा खाली ठेवला, पदर खोचला, धान्याच्या पोत्याआड गेलेला बेडूक एका हातात धरला, पुन्हा कप्प्यात टाकला आणि झाकण दाबून बसवलं. मग दारात उभ्या असलेल्या गजाकडं वळली.

"ह्यो तुमचा का?"

"व्हय जी," गजा हात जोडून म्हणाला. त्यानं कप्पा असा छातीशी धरला की जणू सुपारी त्याचीच फुटली.

दादा खाली बघत होते. दाराआड आईनं तोंडाला पदर लावलेला. अक्काचे डोळे भरून आले होते. तिनं एवढा वेळ मान खाली घालून, तोंड दाबून धरून जे सावरलं होतं, ते मी एका डब्यात घालवलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पायाखालची जमीन सरकली असंही म्हटलं असतं, पण माझ्या पायाखाली जमीन नव्हती, बाजलं होतं.

आत्यानं आधी बाजल्याकडं मान वळवली. "काय रं, काय झालं?" तिनं भाच्याला विचारलं.

नाईक लालभडक झाले होते. "भ्यालो, आत्ती," ते म्हणाले आणि हळूच खाली उतरले. मी मात्र ट्रकमधून उभ्यानं आल्यामुळं पाय आखडले होते म्हणून जरा उंचावर चढलो, असं काहीतरी सांगितलं. माझ्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

आत्यानं अक्काला जवळ बोलावलं. भीती वाटली नाही का, म्हणून विचारलं. उसाला पाणी पाजताना पाटात उभं राहून रोज दारं धरावी लागतात, तिथं बेडकाला भिऊन कसं चालेल, असं अक्का म्हणाली. मान खाली आणि तोंड बंद, ही आईची ताकीद केव्हाच मोडली होती, त्यामुळं तिनं आता मानही वर केली होती. मला वाटलं, झालं, हेही स्थळ गेलं.

आत्यानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग तिनं असं काही विचारलं, जे आमच्या गावात मुलीला विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"पोरी, आमचा गडी तू बघितलास. पलटणीतला हाय, पर कसा हाय त्येबी बघितलास. तुला चालंल का?"

दादांनी मान वर केली. आई दाराआडून अर्धी बाहेर आली. अक्कानं नाईकांकडं पहिल्यांदाच सरळ बघितलं, आणि अजिबात घाई केली नाही.

"भ्यालं खरं," ती म्हणाली, "पर भ्यालो म्हनून सरळ सांगितलं. मला चालतंय."

आत्या अशी हसली की तिला ठसका लागला. पाणी प्याली, डोळे पुसले आणि साखर आणा म्हणाली. आईला रडू आवरेना. दादांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसलं. मला अक्काला मिठी मारावीशी वाटत होती, पण बेडकाचा कप्पा घेतलेला गजा वाटेतच उभा होता, म्हणून मी होतो तिथंच, बाजल्यावर, थांबलो.

तेवढ्यात आत्याची नजर माझ्यावर आली.

"आन् ह्यो अजून वर हुबा हाय, त्यो कोन म्हनायचा?"

"त्यो व्हय?" अक्का म्हणाली. "त्यो आमचा शिकल्याला."

"न्हाई न्हाई," दादा घाईघाईनं म्हणाले, "अजून शिकायचा हाय."