पोचल्याच्या दोन रिंगा

दूध काढायच्या यंत्राच्या माहितीपुस्तकाचं भाषांतर करत तीन आठवडे घरात बसले होते. ते काल एकदाचं पाठवून दिलं आणि आज सकाळी एकटीच तळ्यावर जाऊन आले. सांगण्यासारखं काही नव्हतं. पाणी आटलंय, बदकं एका कोपऱ्यात गोळा झालीत, भेळवाल्याने गाडी झाडाखाली आणलीय.

परतताना माझ्याबरोबर एसटीतून एक आजोबा उतरले. पिशवी पायांत धरून त्यांनी फोन लावला, दोन रिंगा होऊ दिल्या आणि कट केला. मग निवांत चालू लागले.

माझ्या थोरल्या बहिणीची, माईची, हीच शिस्त होती. "पोचलीस की दोन रिंगा दे गं. मी काही उचलत नाही." रविवारी मात्र तासभर बोलायची. काम कुठवर आलं, कुठे हिंडलीस, डोक्यात काय चाललंय? तिला बदकंसुद्धा चालायची. ती जाऊन दीड वर्ष झालं. काम अजूनही संपतं, हिंडणंही होतं, पण सगळं माझ्याजवळच पडून राहतं आणि शिळं होतं.

घरी आले, चप्पल काढली आणि ती गेल्यापासून पहिल्यांदाच तिचा नंबर लावला. दोन रिंगा द्यायच्या आणि ठेवून द्यायचा, एवढंच मनात होतं.

पहिल्याच रिंगला कुणा पुरुषाने फोन उचलला. "हॅलो, कोण बोलतंय?"

माईने कधीच उचलला नसता.