दातांत धरलेली तार

गल्लीत त्यांना सगळे रेडिओमास्तर म्हणतात. हल्ली रेडिओ कुणी आणत नाही. मिक्सर, पंखे, चार्जर असलं काहीबाही येतं. एका हातात सोल्डरगन, दुसऱ्या हातात सुटा भाग आणि सोल्डरची तार दातांत, ही मास्तरांची पद्धत. बायको लवकर गेली. लेक दुकानातच वाढली आणि शाळेत असल्यापासून तशीच तार दातांत धरून सोल्डरचे जोड देऊ लागली. गिऱ्हाइकं म्हणत, "बापाची लेक शोभते खरी!"

यंदा लेक गरोदर राहिली. तपासणीत रक्त कमी निघालं म्हणून डॉक्टरीणबाईंनी कामाची चौकशी केली. तिनं ऐटीत सगळं सांगितलं, तारेसकट. बाईंचं लिहिणं थांबलं.

"त्या तारेत शिसं असतं, ठाऊक आहे ना?"

रक्त पुन्हा तपासायला गेलं. रिपोर्ट येईपर्यंत मास्तर दुकानाची फरशी ओल्या फडक्यानं पुसत राहिले. गिऱ्हाइकांना उद्या या म्हणायचे.

"अप्पा, फरशीला भोक पडेल आता," लेक दारातून म्हणाली.

"पडू दे. इथल्या धुळीतही शिसं असणार. तू उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाहीस."

"म्हणजे मीच परकी झाले म्हणायची!"

मास्तर फडकं पिळून पुन्हा वाकले.

रिपोर्टात शिसं बरंच जास्त निघालं. बाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "शिसं नाळेतून बाळापर्यंत जातं. मेंदू घडत असताना थोडंसुद्धा वाईटच."

"पण तिनं तार सोडलीय," मास्तर घाईनं म्हणाले.

"चांगलंच केलं. पण इतक्या वर्षांचं हाडांत साठलंय. बाळासाठी हाडांतलं कॅल्शियम निघतं, त्याच्यासोबत तेही रक्तात उतरतं. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. दर महिन्याला रक्त तपासू."

"आणि बाळात किती गेलंय?"

"ते आत्ता नेमकं सांगता येणार नाही. जन्मल्यावर तपासू, पुढेही लक्ष ठेवू."

बाहेरच्या बाकावर मास्तर मान खाली घालून बसले. लेकीनं त्यांच्या सदऱ्याची बाही वर सरकवली आणि परिचारिकेला हाक मारली.

"ताई, यांचंही रक्त घ्या. मी तर नुसती शिकाऊ. गुरुजींचा आकडा बघा कसा दणदणीत येतो!"

परिचारिका हसली. मास्तरांनी हात पुढे केला. त्यांना स्वतःच्या आकड्याशी काही देणंघेणं नव्हतं. हवा होता तो बाळाचा, आणि तो अजून कुणाकडेच नव्हता.